पहिला वाढदिवस : तारखेचा, तिथीचा आणि कोतवाल पंजीचा

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल. लेकराचा पहिला वाढदिवस, तोही ‘थीम’वाला, हा काय इतिहासाचा विषय झाला? पण आम्हाला तो आमच्याच घरात सापडला, म्हणून घरापासूनच सुरुवात करतो.

गोंदियात आमच्या नातीचा पहिला वाढदिवस ठरला. मुलगा-सून पुण्याहून येणार होते. फोनवर यादी आली : हॉल, जंगल थीम, वाघ-सिंहांचं कटआउट, हिरव्या-सोनेरी फुग्यांची कमान, थीमचाच केक, पाहुण्यांच्या लेकरांसाठी मुखवटे. आम्ही म्हटलं, बाबू, नागझिरा इथून तासाभरावर, आणि आपण थर्माकोलचा सिंह आणणार? सिंह तर आपल्या जंगलात नाहीच. सून हसली आणि म्हणाली, “बाबा, मग तुम्हीच सांगा ना, आपल्याकडे पहिला वाढदिवस कसा करत होते?”

आम्हाला उत्तर देता येईना. आमचा स्वतःचा पहिला वाढदिवस झाला होता का, हे विचारायला आईकडे गेलो. आई पंच्याऐंशीच्या घरातली. ती म्हणाली, “तुझं बारसं झालं, जावळ काढलं, उष्टावण केलं. वाढदिवस कायचा?” मग विचारलं, तुझी जन्मतारीख काय? “रोवणी चालू होती, एवढं माय सांगे.” आधार कार्डावर आईची जन्मतारीख १ जुलै आहे. ती कोणी आणि कशी लिहिली, हे इथे बसलेल्या निम्म्या मंडळींना आपापल्या घरावरून ठाऊक असेल.

आता जरा इतिहासाकडे वळू. आपल्या परंपरेत लेकराच्या पहिल्या वर्षाला समारंभ कमी नव्हते. पाचवी-सटवाईची पूजा, बारसं, उष्टावण, जावळ, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. बोरन्हाणात लेकराला काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुऱ्यांचा वर्षाव, आणि ती लुटायला गल्लीतली सगळी पोरं. एक रंग, एक वेश, एकच कल्पना : थीम म्हणतात ती दुसरी काय? आपल्या विदर्भातला तान्हा पोळाही तसाच. लाकडी बैल सजवून, लेकरांना नटवून दारोदारी नेतात. म्हणजे सजवणं आपल्याला नवं नाही. नवी आहे ती तारीख.

वाढदिवस ज्या घरांत होत, तिथे तो तिथीने होई. औक्षण, देवाला नमस्कार, काहीतरी गोड. दरबारात थाट वेगळा. मुघल बादशहांची वाढदिवसाला सोन्या-चांदीने तुला होई, तीही सौर आणि चांद्र अशा दोन्ही गणनांनी. पण बाकीच्यांना जन्मतारीख कशाला लागायची? अहो, खुद्द शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवर पिढ्यान् पिढ्या वाद चालला. एका पक्षाने १६२७ चा वैशाख धरला, दुसऱ्याने शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शासनाने दुसरी स्वीकारली, तरी तारीख की तिथी हा प्रश्न दरवर्षी निघतोच. जिथे छत्रपतींची ही गत, तिथे धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईच्या लेकीची तारीख कोण लिहिणार?

लिहिणारा एक जण होता, तो म्हणजे गावचा कोतवाल. आपला जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचा भंडारा इंग्रजी अमलात मध्य प्रांतात होता. तिथे गावातल्या जन्म-मृत्यूची खबर कोतवालाने द्यायची आणि तिची नोंद व्हायची. हीच आपली कोतवाल पंजी, किंवा कोतवाल बुक. आज तिची नक्कल जातपडताळणीसाठी काढतात. पण सरकारने ती ठेवली होती वेगळ्या कारणासाठी. पटकी, देवी, दुष्काळ यांत माणसं किती मरतात, हे सरकारला कळायला हवं होतं. जन्माची तारीख सरकारदरबारी लिहिली गेली ती मरणाच्या हिशेबाला जोड म्हणून. तिथे वाढदिवसाचा विचार नव्हता.

आणि मरण फार होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार लेकरांमागे दोनशेहून अधिक वर्षाच्या आत जात. पाचातलं एक. १९१८ च्या एन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत-वऱ्हाडात जो कहर केला, तो वेगळाच. म्हणून तर दगडू, धोंडू, केरबा ही नावं. लेकराला कुणाची, अगदी देवाचीही, नजर लागू नये म्हणून ठेवलेली. ‘माझं पोर वर्षाचं झालं’ असं गाजावाजा करून सांगायला माणसं भीत असत. पहिला वाढदिवस साजरा न होण्यामागे गरिबी होती, तारीख माहीत नसणं होतं, आणि ही भीतीही होती. नकोशा मुलीची गोष्ट आणखी निराळी. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक ‘नकुशा’ मुलींना नवी नावं देण्यात आली. म्हणजे हा फार जुना काळ नव्हे.

तारखेची गरज हळूहळू वाढत गेली. शाळेच्या दाखल्याला वय लागलं. बालविवाहाचा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, तेव्हा मुलीचं वय हा कायद्याचा प्रश्न झाला. तरी जनगणनेत वय विचारलं की लोक वीस, पंचवीस, तीस असे गोळाबेरीज आकडेच सांगत. मास्तरांनी प्रवेशाच्या महिन्याच्या आसपासची एखादी तारीख लिहून टाकली आणि पिढीच्या पिढी जून-जुलैत जन्मली. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदा आला १९६९ साली. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा.

केक-मेणबत्ती आली ती पाश्चात्त्य रिवाजातून. लेकराच्या केकवर मेणबत्त्या लावायची पद्धत अठराव्या शतकातल्या जर्मनीत दिसते. आपण सगळे जी चाल म्हणतो ती अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या हिल भगिनींची. १८९३ मध्ये ती छापली गेली, तेव्हा ते बालवर्गातल्या मुलांसाठी सकाळच्या नमस्काराचं गाणं होतं. गंमत बघा : आपल्याकडे दिवा लावून ओवाळतात, तिकडे दिवा फुंकून विझवतात. आपण आता दोन्ही करतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

परत घराकडे येतो. या निमित्ताने आम्ही आईच्या माहेरच्या गावची कोतवाल पंजी पाहायचं ठरवलं. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. अर्ज दिला, दोन-तीन खेटे घातले, आणि पानं समोर आली. शाई फिकट, कडा झिजलेल्या. आमच्या आजोबांच्या नावापुढे दोन नोंदी सापडल्या. एक १९३८ च्या डिसेंबरातली, एक १९४० च्या ऑगस्टमधली. दोन्ही ठिकाणी बापाचं नाव, जात, आणि ‘मुलगी’ एवढंच. मुलीचं नाव नाही. अशा नोंदींत लेकराचं नाव बहुतेक वेळा नसतंच. खबर देताना बारसं झालेलं नसे, आणि नंतर ते लिहायला कोणी जात नसे.

मग आई कोणती? रोवणी म्हणजे ऑगस्ट जुळतो. पण ऐकीव आठवणीवर तारीख ठरवू नये, हे आम्हीच दर व्याख्यानात सांगतो. म्हणून मृत्यूची पानं पाहिली. १९३९ च्या पावसाळ्यात तेच बापाचं नाव, ‘मुलगी, वय आठ महिने, ताप’. त्या पंजीत मरणाचं कारण पानोपानी तापच आहे. कशाचा ताप, ते विचारायला डॉक्टर होता कुठे?

म्हणजे आई दुसरी. तिच्या आधी एक बहीण होती, आणि ती वर्षाची झाली नाही. ही गोष्ट आमच्या घरात कधी निघाली नव्हती. आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माय म्हणे कधी कधी, पहिली गोरी होती म्हणून. मी समजायची शेजारच्या कोणाचं सांगते.”

त्या दिवशी आम्हाला सुनेच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. पहिला वाढदिवस करत नव्हते, कारण तो येईल याची खात्री नव्हती. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजारी सोळा बालकं वर्षाच्या आत दगावत होती. देशात अठ्ठावीस. दोनशेवरून इथवर आलो ते लसीमुळे, दाईच्या जागी आलेल्या दवाखान्यामुळे, स्वच्छ पाण्यामुळे, अंगणवाडी आणि आशाताईंमुळे. फुग्यांची कमान लावणाऱ्या आई-बापांना आम्ही आता हसत नाही. ती कमान उभी राहावी म्हणून शंभर वर्षं कामं झाली आहेत. उरलेली लेकरं मात्र बहुतेक करून जिथे कमान परवडत नाही अशाच घरांतली असतात, हे विसरू नये.

थीमचं काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही प्रश्नोत्तरांत विचारालच. सिंह गेला. सारस आला. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात यावं लागतं, आणि तो घरटं करतो ते धानाच्या बांधीत. सुनेलाच ते सुचलं. जुन्या पुठ्ठ्याचे सारस, धानाच्या लोंब्यांचं तोरण, डीजे नाही. वर्षाच्या लेकराला आवाजाची भीती वाटते आणि दुपारी झोप येते, म्हणून वेळ सकाळची. जिने सुनेला नऊ महिने सांभाळलं आणि नंतर लशीची आठवण करून दिली, त्या वस्तीतल्या आशाताईंना पहिलं निमंत्रण. औक्षण पणजीने केलं. केकही कापला. आम्ही कर्मठ नाही.

आईला म्हटलं, आता तुझी तारीख सापडली, येत्या ऑगस्टमध्ये तुझाही वाढदिवस करू. म्हणाली, “करा. पण रोवणीची माणसं सोडून कोणी येणार नाही.”

मंडळी, घरी गेल्यावर एक काम करा. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारा, तुमच्या आधी कोण होतं, नंतर कोण होतं. आणि गावची पंजी शाबूत आहे तोवर तिची नक्कल काढून घ्या. कागद विरतो, आणि सांगणारी माणसंही. आता तुमचे प्रश्न घेऊ.