लॅपटॉपच्या गाण्यात खरखर येते? यूएसबी कन्व्हर्टर घेण्याआधी हे तपासा

छत्रपती संभाजीनगर : लॅपटॉपला इअरफोन लावला की गाण्यामागे खरखर येते, आवाज दबका वाटतो. त्यावर यूएसबी ऑडिओ कन्व्हर्टर, म्हणजेच ‘डॅक’, हा उपाय आहे. पण प्रत्येक वेळी नाही. कन्नड, सोयगाव, वैजापूरहून गुलमंडी-पैठण गेटच्या बाजारात येणाऱ्याला वस्तू बदलायला पुन्हा फेरी परवडत नाही. म्हणून तपासणी आधीच केलेली बरी.

काम काय करतो?
गाणे लॅपटॉपमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. त्याचे आवाजाच्या विजेच्या लहरींत रूपांतर डॅकची चिप करते. ही चिप लॅपटॉपमध्येही असतेच. पण आजूबाजूच्या सर्किटमुळे तिच्या आवाजात खरखर मिसळू शकते. बाहेरचा कन्व्हर्टर हे काम लॅपटॉपबाहेर करतो.

आधी दोष शोधा
- दुसरा इअरफोन लावून पाहा. खरखर गेली तर इअरफोनच खराब आहे.
- लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर ‘हुंऽऽ’ असा आवाज येत असेल तर चार्जर काढा. आवाज थांबला तर घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आवाज जावा म्हणून अर्थिंगची पिन कधीही तोडू नका, शॉक बसू शकतो.
- ब्लूटूथ स्पीकरवरच ऐकत असाल तर कन्व्हर्टरचा उपयोग नाही. त्या स्पीकरमध्ये स्वतःचा डॅक असतो.

दुकानात काय पाहावे?
- लॅपटॉप आणि स्वतःचा इअरफोन सोबत न्या. कन्व्हर्टर लावल्यावर साउंड सेटिंगमध्ये नवीन उपकरणाचे नाव दिसले पाहिजे. नाव दिसले नाही तर आत चिप नसलेली साधी पिन असू शकते.
- लॅपटॉपला टाइप-सी आहे की जुना चौकोनी यूएसबी, हे बघून घ्या.
- विंडोज ७ वरच्या जुन्या लॅपटॉपला काही कन्व्हर्टरसाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो.
- कॉलवर बोलायचे असेल तर माइक चालतो का, तेही तपासा.
- मोबाईललाही वापरायचा असेल तर तिथेच लावून पाहा. काही मोबाईलमध्ये आधी ‘ओटीजी’ चालू करावे लागते.

मोठ्या आकड्यांना भुलू नका
डब्यावर ‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ’ लिहिलेले असते. १९८२ मध्ये बाजारात आलेली ऑडिओ सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचीच आहे आणि ऐकायला तेवढे पुरते. यूट्यूबवरचे गाणे तर दाबून लहान केलेले असते. मूळ गाणेच खराब असेल तर महागडा कन्व्हर्टरही ते सुधारत नाही. १६ ते ३२ ओहमच्या साध्या इअरफोनला छोटा कन्व्हर्टर पुरतो. २५० ते ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनला मात्र जास्त ताकदीचा लागतो.

दोन्ही जॅकवर एकच गाणे सारख्या आवाजात ऐका. फरक जाणवला तरच घ्या आणि वॉरंटीसाठी पक्के बिल मागून घ्या.