चिरा उघडा ठेवायचा की गिलावा करायचा?

आजचा भाग एका प्रश्नातून निघालाय. आपल्याच जिल्ह्यातल्या एका श्रोत्यानं भलामोठा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यांच्या गावच्या चर्चचा जुना हॉल दुरुस्तीला काढलाय. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पोरांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, लग्नाची जेवणं, फेस्ताची तयारी, गावकीच्या बैठका, सगळं त्याच हॉलमध्ये. आणि आता कमिटीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सगळा गिलावा खरवडून काढा, आतला लाल चिरा उघडा करा, वर चकचकीत कोट मारा, म्हणजे हॉल खरा जुना दिसेल. दुसरा म्हणतो, सिमेंटनं चोपून घ्या आणि एकदाचे मोकळे व्हा. श्रोत्याचं म्हणणं असं की, तुम्ही इतिहासवाले, तुम्हीच सांगा यातलं 'जुनं' कुठलं?

मी इंजिनिअर नव्हे. पण हा प्रश्न ऐकल्याबरोबर मला जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका आठवली. कारण नेमका हाच वाद तिथं एकदा निकालात काढला गेला, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला. पहिल्या तटाच्या बाजूनं. त्या निकालाचं पुढं काय झालं, हे आपल्याला आज पावसात उभं राहून बघता येतं.

आधी दगडाबद्दल थोडं. मी फोंडाघाटात राहतो, आणि इथं एक गंमत आहे. घाट चढून दाजीपूरकडं जाताना बाजूला काळा कातळ लागतो, आणि खाली कणकवलीकडं उतरत गेलात की हळूहळू सगळं लाल होत जातं. सडे लाल, गडगे लाल, विहिरी लाल. तो आपला जांभा, म्हणजे खाणीतून कापून काढल्यावर चिरा. काळा दगड हा थंड झालेला लाव्हा. जांभ्याचं तसं नाही. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी हजारो-लाखो वर्षं मूळ खडक धुतला, त्यातली सिलिका वाहून गेली, मागं राहिलं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणजे जांभा हा पावसानंच घडवलेला दगड आहे. आणि गंमत म्हणजे पाऊसच त्याला खातोसुद्धा.

या दगडाला लॅटेराइट हे नाव दिलं फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरनं. तो केरळात अंगाडीपुरम भागात फिरत होता. जमिनीखाली असताना हा दगड इतका मऊ की पात्यानं कापता येतो, आणि बाहेर हवेत राहिला की घट्ट होतो, हे त्यानं पाहिलं. तिथले लोकही त्याला विटेचा दगड म्हणतात अशी त्याची नोंद आहे. लॅटिनमध्ये वीट म्हणजे 'लेटर', म्हणून लॅटेराइट. 1807 साली त्याच्या पुस्तकातून हे नाव जगभर गेलं. आपल्या चिरेखाणीवरच्या कामगाराला हे वेगळं सांगायला नको. ताजा चिरा आणि उन्हं खाल्लेला चिरा यातला फरक तो हात लावूनच सांगतो.

पण घट्ट होतो म्हणजे काळ्या दगडासारखा होतो असं नाही. चिरा हातात घेऊन बघा, सगळीकडं भोकं. घट्ट असतं ते लोहाचं जाळं, आणि त्या जाळ्यात मऊ माती अडकलेली असते. सतत पाणी लागलं की आधी ती माती निघून जाते, मग जाळं पोकळ होतं, मग कडा झडायला लागतात. म्हणून जुन्या लोकांनी महत्त्वाच्या इमारतीला चुन्याचा गिलावा दिला. तो शोभेसाठी होताच, पण मुख्य म्हणजे तो भिंतीचा रेनकोट होता. आणि रेनकोटसारखाच तो झिजण्यासाठीच होता. पाऊस आधी चुना खाणार, दगड नाही. दर काही वर्षांनी चुना पुन्हा लावायचा, हिशेब संपला.

आता जुन्या गोव्यात जाऊ. बॉम जीझसचं काम जेझुइटांनी 1594 च्या नोव्हेंबरात सुरू केलं आणि 1605 च्या मे महिन्यात चर्चचं पवित्रीकरण झालं. भिंती जांभ्याच्या. पण दर्शनी बाजूचे खांब आणि कोरीव काम आहे काळ्या बेसॉल्टचं, आणि तो दगड आला वसईहून! (आमच्या घाटात काळ्या दगडाला काय तोटा होता, असं माझ्या मनात येतंच. पण तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात वसई होती, घाट नव्हे. आणि दगड गलबतातून आणणं बैलांवरून आणण्यापेक्षा कधीही सोपं.) सतराव्या शतकात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव इथं आणलं गेलं, आणि हे चर्च आशियातल्या मोठ्या तीर्थांपैकी एक झालं.

आज तुम्ही तिथं गेलात तर लाल-तपकिरी, उघडी, रांगडी भिंत दिसते. कॅलेंडरवर, टुरिझमच्या पोस्टरवर, सगळीकडं तीच. आजूबाजूची चर्च पांढरी, हे एकटंच लाल. त्यामुळं लोकांना वाटतं की हे असंच बांधलं होतं. मुळीच नाही. साडेतीनशे वर्षं या भिंतींवर चुना होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फोटो बघा, तुम्हाला वेगळंच चर्च दिसेल.

मग चुना गेला कुठं? झेवियर वारला 3 डिसेंबर 1552 रोजी. म्हणजे 1952 हे त्याच्या मृत्यूचं चारशेवं वर्ष, शवदर्शनाचा मोठा सोहळा. त्या सुमारास पोर्तुगालहून बाल्तझार कास्त्रो नावाचे आर्किटेक्ट गोव्यात आले. साधेसुधे नव्हते. पोर्तुगालमध्ये राष्ट्रीय स्मारकांच्या सरकारी खात्यात ते फार वरच्या जागेवर होते. त्या खात्याची एक ठरलेली पद्धत होती. जुन्या चर्चवर नंतरच्या शतकांत जे जे चढलं ते काढून टाकायचं, गिलावा खरवडायचा, आणि आतला नागडा दगड दाखवायचा. उत्तर पोर्तुगालच्या ग्रॅनाइटच्या चर्चना ते खपूनही गेलं. सालाझारच्या राजवटीला तो कणखर, प्राचीन देखावा हवाच होता. आणि काळ लक्षात घ्या. भारत स्वतंत्र झालेला, लोहियांनी 1946 मध्ये मडगावला ठिणगी टाकलेली, आणि 1951 मध्ये पोर्तुगालनं कागदोपत्री 'वसाहती' हा शब्दच पुसून 'सागरापारचे प्रांत' असं नाव दिलेलं. गोवा हा जुना, पुरातन पोर्तुगालच आहे असं दाखवायची घाई कोणाला होती, हे ओळखायला फार विचार नको. माझ्या मते बॉम जीझसचा चुना नुसता देखण्या रूपासाठी उतरला नाही, त्यात हे राजकारणही होतं.

फक्त एक गोष्ट हिशेबात धरली गेली नाही. ग्रॅनाइट वेगळा आणि जांभा वेगळा. आणि तिथला पाऊस वेगळा, आपला वेगळा. आपल्याकडं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही चार महिन्यांत, तिरका, वाऱ्यासकट.

सत्तर वर्षं त्या उघड्या भिंतीनं हा पाऊस अंगावर घेतला. दगडाच्या कडा गोल झाल्या, पृष्ठभाग झडतोय, खाचांत शेवाळ धरतंय. 2020 मध्ये, पावसाळा तोंडावर असताना छपराचं काम अडकलं, तेव्हा बॅसिलिकाच्या रेक्टरांनी जाहीरपणे आवाज उठवला. छप्पर तर करा, पण भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावाही द्या, ही मागणी तेव्हापासून जोरात आली. विरोधही झाला. कारण आता दोन पिढ्यांच्या डोळ्यांत लाल बॉम जीझस बसलंय. 1986 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं तेही लालच. कुणी त्याला चुना लावला तर लोक म्हणतील, चर्चचा सत्यानाश केला! बघा कसं असतं. जे सत्तर वर्षांपूर्वी मोडलं, तेच आज 'मूळ' म्हणून जपायचं.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हेच वेड आलं होतं. गावोगावच्या चर्चचा गिलावा खरवडून आतला दगड काढायचा. त्याला वैतागून विल्यम मॉरिसनं 1877 मध्ये जुन्या इमारती वाचवायला एक संस्था काढली, ती आजही चालू आहे. त्या संस्थेला गमतीनं नाव पडलं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे आपल्या भाषेत खरवडविरोधी मंडळ. आपल्या श्रोत्याच्या कमिटीत एखादा मॉरिस असायला हवा होता.

पण थांबा, मी लगेच 'उघडा चिरा म्हणजे पाप' असं म्हणणार नाही. आपल्याकडं उघडा चिरा भरपूर आहे आणि तो टिकलाही आहे. गडगे, विहिरी, घराचं जोतं, कित्येक साध्या घरांच्या भिंती. विहिरीचा चिरा निवडून घट्ट घेतलेला असतो. घराची गोष्ट वेगळी: छप्पर भिंतीच्या दोन-अडीच फूट पुढं आलेलं असतं, पागोळ्या लांब पडतात. शिवाय पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधायची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. म्हणजे रेनकोट नसला तरी छत्री होती. बॉम जीझसची दर्शनी भिंत तीन मजली उंच, सरळसोट, वर पुढं आलेली पागोळीच नाही. तिला छत्री नाही, आणि रेनकोटही काढून घेतला.

तेव्हा आमच्या श्रोत्याला माझं पहिलं सांगणं हे की, हॉलच्या भिंतीकडं नंतर बघा, आधी वर बघा. छप्पर पुढं किती आलंय? दुरुस्तीत कौलं काढून पत्रा घालताना ते पुढचं दोन फूट बहुतेक वेळा कापलं जातं, आणि मग भिंतीचं आयुष्यही कापलं जातं. जुन्या गोव्यातच सेंट ऑगस्टिनचं उदाहरण आहे. पोर्तुगाल सरकारनं धर्मसंघ बंद केले, 1835 मध्ये ते चर्च ओस पडलं, देखभाल थांबली, आणि 1842 मध्ये म्हणजे अवघ्या सात वर्षांत घुमटी छत कोसळलं. 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. उरलेला उभा सांगाडा आपण सहलीला बघायला जातो.

दुसरं, कौलं फेकू नका. निदान उलटी करून बघा. मंगलोरी कौल हा स्वतःच चर्चच्या इतिहासाचा तुकडा आहे. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगलोरला जेप्पू इथं कौलांचा कारखाना काढला, आणि आपल्या नळ्याच्या कौलांची जागा या चपट्या कौलांनी घेतली. पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं असतं. बासेल मिशनचा छाप असेल तर कौल पहिल्या महायुद्धाच्या आधीचं असायची शक्यता मोठी, कारण युद्धात इंग्रजांनी ते कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडं गेले. हॉलचे कागद हरवले असतील, पण छपरावर तारीख बसलेली असू शकते!

आणि सिमेंटवाल्या तटाला काय सांगायचं? सिमेंट वाईट नाही, पण चिऱ्याशी त्याचं जमत नाही. चिरा पाणी पितो आणि सोडतो. चुना त्याला सोडू देतो. सिमेंटचा थर मात्र घट्ट, कडक. जमिनीतून चढलेलं किंवा बारीक भेगेतून शिरलेलं पाणी त्याच्यामागं अडकतं. बाहेरून भिंत पाच-सात वर्षं गुळगुळीत दिसते, आणि एक दिवस फुगून पोपडा पडतो. तो एकटा पडत नाही, चिऱ्याची कातडी घेऊन पडतो. चकचकीत पारदर्शक कोटाचंही थोडंफार हेच.

राहिला चुना. पूर्वी किनाऱ्यावर कालवं आणि शिंपल्या भाजून चुना करायचे. भट्टीतून निघालेली कळी पाण्यात विझवायची, मुरत ठेवायची, वाळूबरोबर घाणीत मळायची, कुठं गुळाचं तर कुठं हिरड्याचं पाणी घालायचं. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत सावकाश पुन्हा दगड होतो. सावकाश हा शब्द महत्त्वाचा. कंत्राटदाराला तो आवडत नाही. तुमच्या हॉलचं काम मार्चमध्ये सुरू करून मेअखेर उरकायचं असेल तर चुना नको म्हणणारे बरोबरच बोलतायत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू करा, पातळ थर द्या, ओला ठेवा. आणि त्याआधी एक करा: कोपऱ्यातला हातभर गिलावा हलक्या हातानं काढून खालचा चिरा बघा. त्यावर मुद्दाम मारलेले टोचे दिसले, तर बांधणाऱ्यानं पहिल्यापासून गिलाव्याचाच बेत केला होता. मग 'जुनं कुठलं' याचं उत्तर भिंतच देईल, मला विचारायला नको.

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो 2005 मध्ये, पुण्यापासून वेगळा होऊन. इथली चर्च आणि त्यांचे हॉल त्याच्या कितीतरी आधीचे. एकेक करून ते दुरुस्तीला निघणारच आहेत. कमिट्या बसतील, कोटेशनं येतील.

बॉम जीझसचा निर्णय अजून अडकलेलाच आहे. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात पुन्हा शवदर्शनाचा सोहळा झाला, लाखो लोक येऊन गेले. शवपेटी नेहमीप्रमाणे मिरवणुकीनं रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये नेली. तेही चर्च जांभ्याचंच, त्याच पावसातलं, 1562 ला सुरू झालेलं, म्हणजे बॉम जीझसपेक्षा थोरलं. त्याच्या अंगावर चुना आहे.

पुढच्या भागात भेटू.