बी धरू न देणारी साखळी

औंढा नागनाथच्या शिवारात तुम्ही बांधावर उभे आहात. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आलाय, सोयाबीनची पेरणी चालू आहे. मुरमावर सांडलेलं बी वाया जातं आणि काळीत पडलेलं धरतं, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तेवढंच सोबत घ्या आणि मागे चला.

१८८९, लंडन. सर्जन स्टीफन पॅजेट यांच्यासमोर स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी आहेत. तुम्ही शेजारी बसून पानं चाळता. यकृतात गाठी वारंवार, प्लीहेत क्वचित. रक्त तर दोन्हीकडे जातं! पॅजेट लिहितात : कर्करोगाची पेशी म्हणजे बी, अवयव म्हणजे जमीन. तुम्ही लगेच मान डोलावता.

आता १९८६, अमेरिका. हम्फ्रीज, ओल्डन आणि यामादा उंदराच्या शेपटीच्या शिरेत कर्करोगाच्या पेशी सोडताहेत, सोबत एक पेप्टाइड. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. हिच्यात पाचच कड्या आहेत. भटकी पेशी ज्या प्रथिनाला धरून बसते, त्याचाच हा तुकडा. पेशीची पकड या तुकड्यातच अडकते. काही दिवसांनी तुम्ही फुप्फुसं पाहता : एरवी काळ्या गाठींनी भरली असती, इथे त्या फारच कमी आहेत. तुम्हाला वाटतं, सापडलं!

पण माणसाचं शरीर इतकं सोपं नाही. त्याच जातीचं औषध, सिलेंगिटाइड, मेंदूच्या कर्करोगाच्या ५४५ रुग्णांच्या चाचणीत उतरलं. २०१४ साली निकाल आला : आयुष्य वाढलं नाही. हे वाचताना तुमचा जीव तुटतो. तरीही पकड सोडवण्याची ती कल्पना मला आजही मोलाची वाटते.

शेवटी मुंबईला या, टाटा मेमोरियलच्या शस्त्रक्रियागृहात. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चाचणीत पेप्टाइड नाही, साधं लिडोकेन आहे, भूल देण्याचं. पण पेशी दुसरीकडे रुजू नये ही धडपड तीच. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं ते गाठीभोवती टोचतात. देशातल्या ११ केंद्रांतल्या सुमारे १,६०० बायकांवरचा हा अभ्यास २०२३ साली छापून आला. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४. म्हणजे शंभरात जवळपास चार जणी जास्त वाचल्या, दात काढताना वापरतात त्या औषधाने.

तुमच्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली, तर तारीख घेतानाच सर्जनला या इंजेक्शनबद्दल विचारा.