डीकनच्या खोक्यातला बँड

साल १९७५. क्वीन या रॉक बँडच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' अल्बमचं रेकॉर्डिंग चालू आहे, काचेपलीकडे निर्माता रॉय थॉमस बेकर आणि ध्वनी-अभियंता माइक स्टोन बसलेत आणि तुम्ही भलत्याच वस्तूकडे बघताय. व्हॉक्स एसी-थर्टीवर नजर जाणारच. तीस वॅटचे हे अ‍ॅम्प क्वीनच्या कार्यक्रमांत ओळीने मांडलेले असतात. आज मात्र तो गप्प आहे. शेजारी खाली बघा. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी स्पीकरची लाकडी पेटी, तिला ना बटण ना खुंटी. नऊ व्होल्टची बॅटरी जोडली की चालू, काढली की बंद. ताकद एक वॅटच्या आसपास.

हे जॉन डीकनचं काम. बँडचा बास वाजवणारा हा अबोल पोरगा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७२च्या सुमारास रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या डब्यात त्याला एक सर्किट बोर्ड दिसला आणि त्याने तो उचलून या पेटीत बसवला; झाला तिचा अ‍ॅम्प.

बँडचा गिटारवादक ब्रायन मे गिटार गळ्यात अडकवतो. तीही विकतची नाही: त्याने वडिलांबरोबर १९६३पासून घरी घडवलेली. मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या. बोटांत प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं नाणं. त्याची दातेरी कड तारेवर किंचित खरखरते. मध्ये ट्रेबल बूस्टर. तो सिग्नल इतका फुगवतो की पेटीतल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांना झेपत नाही. मोठा अ‍ॅम्प असा ओव्हरलोड झाला असता तर गरजला असता. हा छोटा अ‍ॅम्प दमतो, त्याच्या सुराच्या कडा गोल होतात, आणि तार छेडलीय की कुणी फुंकर मारलीय ते कळेनासं होतं.

'गुड कंपनी' या गाण्यासाठी ब्रायनला नेमकं तेच हवंय: १९२०च्या दशकातला जॅझ बँड, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन सगळ्यांसकट, आणि सगळा गिटारवर. तो पिकअपचे स्विच खालीवर करतो. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये जोडले की आवाज बारीक, नाकातला होतो. एक सूर वाजतो. टेप थांबते. मागे जाते. पुन्हा स्विच, पुन्हा एकच सूर. फुंकून वाजवणाऱ्याचा प्रत्येक सूर वेगळ्या तऱ्हेने सुटतो, म्हणून बऱ्याच जागी त्याला एकेक सूर सुटा रेकॉर्ड करावा लागतो. खरं सांगायचं तर बघायला हे कंटाळवाणं आहे. तुम्ही जांभई देता. तुम्हाला सोलो बघायचा होता, इथे गवंडीकाम चाललंय.

 हे गाणं मेचंच आहे, लिहिलेलंही आणि गायलेलंही.

मग बेकर सगळे ट्रॅक एकदम सोडतो आणि काचेमागून बँड वाजू लागतो. तुम्ही वळून वादक शोधता. खोलीत मे आहे आणि ती पेटी. हा अल्बम येईल तेव्हा कव्हरवर छापलेलं असेल की यात सिंथेसायझर नाही. ते का छापावं लागलं, हे तुम्हाला आत्ताच समजलं. २००३मध्ये व्हॉक्स कंपनी याच आवाजाच्या मागे लागून मेच्या नावाचा छोटा अ‍ॅम्प बाजारात आणेल. त्याला व्हॉल्यूमची खुंटी असेल.