पित्तनलिकेची दुरुस्ती : कृत्रिम नळीपेक्षा आतड्याचाच आधार

पौड (ता. मुळशी) : पित्ताशयातील खड्यांसाठी आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली जाते. रुग्ण लवकर घरी परततो. मात्र या शस्त्रक्रियेत क्वचित प्रसंगी यकृताकडून येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेलाच इजा होते. हे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत हजारी तीन ते पाचच्या आसपास आढळले आहे. इजा वेळीच ओळखली न गेल्यास यकृत कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.

इजा कशी होते?

यकृतात दररोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते आणि जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नलिकेतून ते लहान आतड्यात उतरते. पित्ताशयाची स्वतःची बारीक नलिका या मुख्य नलिकेला मिळते. सूज असल्यास दोन्हींतील फरक चटकन कळत नाही आणि बारीक नलिका समजून मुख्य नलिकाच कापली जाते. भारतातील दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. पित्ताशयाकडे केवळ दोनच रचना जातात, याची खात्री पटल्याशिवाय काहीही कापू नये, हा नियम अमेरिकेतील शल्यविशारद स्ट्रासबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडला. तो आज जगभर प्रमाण मानला जातो.

कृत्रिम नळी का टिकत नाही?

तुटलेल्या भागाच्या जागी नळी बसविण्याची कल्पना जुनी आहे. १९४०च्या दशकात व्हायटॅलियम या मिश्रधातूच्या नळ्या रुग्णांना बसविण्यात आल्या. पुढे टेफ्लॉनसारख्या पदार्थांचे प्रयोग प्राण्यांवर झाले. रक्तवाहिनीसाठी उपयोगी पडणारे हे साहित्य पित्तमार्गात अपयशी ठरले. पित्त क्षारयुक्त व तीव्र असते, आतड्यातील जंतू वर चढतात, नळीत गाळ साचतो आणि जोड गळतात किंवा आवळतात.

जपानमधील संशोधकांनी २००५ मध्ये वेगळी वाट दाखविली. शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या बहुवारिकाची नळी त्यांनी डुकरांमध्ये बसविली. काही महिन्यांत ती नाहीशी होऊन तिच्या जागी प्राण्याच्या स्वतःच्या पेशींची नलिका तयार झाली. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मानवी पित्तनलिकेच्या पेशी वाढवून उंदरांत नलिकेची दुरुस्ती केली. तथापि ही सर्व वाटचाल संशोधनाच्या टप्प्यावर असून नित्याच्या उपचारांत ती अद्याप आलेली नाही.

आजचा उपचार

नलिका पूर्ण तुटली असल्यास लहान आतड्याची सुमारे ५० सेंटिमीटर लांबीची फांदी वर आणून ती यकृतालगतच्या निरोगी नलिकेला जोडली जाते. स्विस शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. नलिकेची दोन टोके नुसती शिवल्यास रक्तपुरवठा अपुरा पडून जोड आवळण्याची भीती असते. लहानशी गळती मात्र दुर्बिणीतून तात्पुरती नळी घालून थांबविता येते. मोठ्या इजेत दाह किंवा जंतुसंसर्ग असेल, तर आधी साचलेले पित्त बाहेर काढून काही आठवड्यांनी जोडणी करतात. पहिली जोडणी अनुभवी पथकाकडून होणे महत्त्वाचे. प्रत्येक फसलेला प्रयत्न पुढचा मार्ग अवघड करतो.

मुळशीकरांनी काय लक्षात ठेवावे?

ताम्हिणी परिसरातील गावे पुण्यापासून पन्नास किलोमीटरहून अधिक दूर आहेत. त्यामुळे घरी परतल्यावर दिसणाऱ्या लक्षणांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेनंतर पोटदुखी वाढणे, पोट फुगणे, ताप, थंडी, डोळे पिवळे होणे, अंगाला खाज, गडद लघवी, पांढरट शौच किंवा जखमेतून हिरवट-पिवळे पाणी येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशी कावीळ पित्त अडल्यामुळे झालेली असते. माळ घालून, नाकात औषध सोडून किंवा झाडपाल्याने ती उतरत नाही. उलट मोलाचे दिवस वाया जातात.

शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी त्वरित संपर्क साधावा. रक्ततपासणी व सोनोग्राफीत शंका वाटल्यास पित्तमार्गाचे एमआरआय चित्रण करून इजेची जागा निश्चित करता येते. शस्त्रक्रियेची सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत. दुसऱ्या रुग्णालयात जाताना तीच सर्वाधिक उपयोगी पडतात.