सभामंडपाचे काम आणि लोखंडी नांगर

अकोले पंचक्रोशीत देवळाचा जीर्णोद्धार निघाला की सुतार, गवंडी, लोहार आणि हिशेबनीस अशा चार माणसांची आठवण प्रथम होते. वर्गणी देणाऱ्याचे नाव शिळेवर येते. मंडपाचा खांब ज्याने ओळंब्यात उभा केला, त्याचे नाव बहुधा राहून जाते. अशाच एका कारागिराला देवळाच्या कामावर असताना जमीन मिळाली, आणि पुढे त्या जमिनीवर तयार झालेला नांगर महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचला. ही हकिगत ग्रामस्थांनी व देणगीदारांनी वाचण्यासारखी आहे.

कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ती पंडित. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकू लागले, परंतु डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नसल्याचे ध्यानी आले आणि तो मार्ग खुंटला. मग यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकविला. तेथे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. मुंबईतील महिन्याची बांधी मिळकत सोडून, संसार पाठीशी असता, बेळगावास वडीलबंधू रामुअण्णांकडे परतणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

बेळगावात दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा आरंभ १८८८ सालचा मानतात. सायकली विकायच्या, चालवायला शिकवायच्या आणि मोडल्या तर दुरुस्त करून द्यायच्या, असा तो व्यवहार. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत शेतकरी वर्गात पक्की होती. पहिले नांगर खपविण्यात दोन वर्षे गेली. यात केवळ अडाणीपणा होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ज्याचे वर्षाचे पोट एका पेरणीवर अवलंबून आहे, त्याने नवी वस्तू चार वेळा उलटून पाहावी हे रास्तच. शिवाय प्रत्येक जमिनीला प्रत्येक नांगर चालत नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस डांगाणात भाताच्या खाचरांत हलका लाकडी नांगरच सोयीचा पडे. प्रवरेकाठच्या काळ्या, हरळी माजलेल्या रानात लोखंडी फाळाचे मोल खरे कळते.

अशात बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. माल विकला जात नाही, आणि यंत्रे ठेवायला छप्परही राहणार नाही, अशी वेळ आली. त्या सुमारास औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे आले. त्या कामाच्या निमित्ताने औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना या माणसाची अडचण समजली. त्यांनी संस्थानात हवी ती जागा घ्या असे सांगितले व कर्जाऊ रक्कमही दिली. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर उजाड जमीन. निवडुंगाचे रान, पाण्याचे दुर्भिक्ष आणि नागांचा सुळसुळाट! जमेची बाजू एकच, रेल्वे जवळ होती.

१९१० सालच्या मार्चमध्ये पंचवीसएक कामगार आपापल्या बायकामुलांसह तेथे उतरले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही त्याच माळावर संसार मांडला. कारखानदाराचे बिऱ्हाड शहरात आणि कामगार रानात, असा प्रकार नव्हता. रामुअण्णांनी घरे, पाणी, वाणसामान यांची व्यवस्था अंगावर घेतली. शंभोराव जांभेकर यंत्रे पाहत, मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. भाऊ, आप्त, शिष्य या सर्वांचे मिळून एक मोठे घरच ते. वसाहतीत शिवाशीव पाळावयाची नाही, हा दंडक होता. रात्रीची राखण लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांवर सोपविली. तिजोरीच्या किल्ल्या असणाऱ्यांना हे ऐकून त्या काळी झोप आली असेल काय, हा प्रश्नच आहे.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगर यायचे थांबले आणि किर्लोस्कर नांगराला एकदम मागणी आली. पण लोखंड मिळेना आणि कोळसाही मिळेना. तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी पेटवून पाहण्यात आली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. गडावर निजलेल्या तोफा वितळून त्यांचे फाळ झाले!

थोरले चिरंजीव शंतनुराव यांना लक्ष्मणरावांनी अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकण्यास पाठविले. ते १९२६ साली परत आले व कारखान्यात रुजू झाले. त्याच साली इकडे भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. तेव्हा पाटाबाहेरच्या विहिरींवर सर्रास मोट होती. कारखान्यात पंप होऊ लागले, नंतर तेलावर चालणारी इंजिने आली, आणि काठाकाठाने मोटेच्या नाड्याची जागा पट्ट्याने घेतली. मोटेवरची गाणी त्यात गेली, हे वडीलधारी मंडळी हळहळून सांगत. बैलांची मान मात्र सुटली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाचे नाव तत्पूर्वीच बदलून किर्लोस्करवाडी झाले होते. आजही सांगलीकडे जाणारी गाडी तेथे थांबते, आणि निवडुंगाच्या त्या माळावर झाडांची सावली असते.