अनुभवी पाहुणा फलंदाज आणि संघाचा फलंदाजी क्रम : विदर्भाच्या रणजी संघाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
सांघिक खेळात एखाद्या ज्येष्ठ व नामांकित खेळाडूस बाहेरून करारबद्ध केले जाते, तेव्हा त्याची चर्चा प्रामुख्याने त्याच्या वैयक्तिक धावसंख्येच्या आधारे होते. परंतु क्रिकेटच्या संघात जागा अकराच असतात. नव्याने आलेला फलंदाज कोणाची तरी जागा घेतो, कोणाला तरी वरच्या वा खालच्या क्रमांकावर सरकवतो आणि कोणासोबत तरी भागीदारी करतो. म्हणून त्याच्या आगमनाचे मूल्यमापन संपूर्ण फलंदाजी क्रमाच्या संदर्भात व्हावयास हवे. प्रस्तुत लेखात विदर्भाच्या रणजी संघाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतील होतकरू खेळाडूस रणजी संघाचा मार्ग तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या नागपूरमार्गेच मिळतो. त्यामुळे बाहेरच्या खेळाडूस दिलेली प्रत्येक जागा त्याच्याही संधीशी निगडित असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आजचा विदर्भ 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या संघात समाविष्ट होता. बुलढाणा हा त्यातील वऱ्हाडचा जिल्हा. राज्यपुनर्रचनेनंतर १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ खेळू लागला. त्यानंतरची सुमारे सहा दशके विजेतेपदाविना गेली. या काळात गुणी खेळाडू घडले नाहीत असे म्हणता येणार नाही. परंतु मोठी धावसंख्या उभारण्याची आणि निर्णायक सामना शेवटपर्यंत लढविण्याची सवय संघास नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी व्यावसायिक खेळाडू घेण्याचे धोरण अवलंबिले गेले. २०१४ मध्ये तमिळनाडूचे एस. बद्रीनाथ व कर्नाटकचे गणेश सतीश, तर २०१५ मध्ये मुंबईचे वसीम जाफर विदर्भाकडे आले.

जाफर यांचे स्थान :
जाफर हे मुंबईचे व भारताचे सलामीचे फलंदाज. ३१ कसोटी सामन्यांचा अनुभव असलेल्या या खेळाडूने सलामीची जागा मागितली असती तर ती नाकारणे कठीण होते. दुखापतीमुळे २०१६-१७ चा हंगाम त्यांना खेळता आला नाही, तरीही संघटनेने त्यांना कराराची रक्कम दिली. त्याची जाणीव ठेवून २०१७-१८ मध्ये ते मानधन न घेता खेळले. या हंगामात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते. कर्णधार फैज फझल व संजय रामास्वामी ही सलामीची जोडी कायम ठेवण्यात आली आणि जाफर तिसऱ्या क्रमांकावर आले.

या रचनेचा परिणाम आकड्यांतून दिसतो. त्या हंगामात फझल यांनी ९१२, रामास्वामी यांनी ७७५ आणि जाफर यांनी ५९५ धावा केल्या. म्हणजेच सर्वाधिक अनुभवी फलंदाज धावांच्या क्रमाने तिसरा होता. सलामीचा फलंदाज लवकर बाद झाला तरी पाठीमागे जाफर आहेत, हा विश्वास सलामीच्या जोडीला उपयुक्त ठरला असावा, असे अनुमान करता येते. इंदूर येथील अंतिम सामन्यात दिल्लीच्या २९५ धावांना उत्तर देताना विदर्भाने ५४७ धावा केल्या. त्यात जाफर यांचा वाटा ७८ धावांचा, म्हणजे सुमारे १४ टक्के होता. सातव्या क्रमांकावर आलेले तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांनी १३३, आदित्य सरवटे यांनी ७९ व सिद्धेश नेरळ यांनी ७४ धावा केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने हा सामना नऊ गडी राखून जिंकला.

पुढील हंगामात चित्र बदलले. वयाची चाळिशी ओलांडलेल्या जाफर यांनी २०१८-१९ मध्ये १,०३७ धावा केल्या. उत्तराखंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी २०६, तर रामास्वामी यांनी १४१ धावा केल्या. अंतिम सामन्यात मात्र सौराष्ट्रावरील ७८ धावांच्या विजयाचे श्रेय मुख्यतः सरवटे यांच्या अकरा बळींना जाते. याउलट, २०१९-२० मध्ये जाफर संघात असूनही विदर्भ बाद फेरीत पोहोचू शकला नाही. मार्च २०२० मध्ये ते निवृत्त झाले. अनुभवी खेळाडूची उपस्थिती यशाची हमी ठरत नाही, हेही यावरून स्पष्ट होते.

करुण नायर यांचे उदाहरण :
२०२३ मध्ये कर्नाटकचे करुण नायर आणि दिल्लीचे ध्रुव शौरी विदर्भाकडे आले. याच शौरी यांनी इंदूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध १४५ धावा केल्या होत्या. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी झाली असता नागपूरचे तरुण फलंदाज दानिश मालेवार व नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. मालेवार यांनी १५३, तर नायर यांनी ८६ धावा केल्या. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. येथेही ज्येष्ठाच्या साथीने तरुणाने मोठी खेळी केली, हे लक्षणीय आहे.

त्यानंतर नायर कर्नाटकात परतले. ऑक्टोबर २०२५ मधील इराणी करंडक सामन्यात विदर्भाने त्यांच्याविना शेष भारत संघाचा ९३ धावांनी पराभव केला. त्यात बुलढाण्याच्या शेजारच्या अकोल्याचे अथर्व तायडे यांनी पहिल्या डावात १४३ धावा केल्या.

निष्कर्ष :
१. ज्येष्ठ खेळाडूच्या आगमनाने एक स्थानिक जागा निश्चितच कमी होते. हे नुकसान नाकारता येत नाही.
२. त्या खेळाडूस स्थानिक जोडी न मोडता क्रमात बसविले, तर इतरांच्या धावा वाढण्यास पोषक स्थिती निर्माण होते.
३. अशा कराराचे खरे मूल्यमापन तो खेळाडू निघून गेल्यानंतर संघात काय उरते, यावरून करावे.

तीन विजेतेपदांनी पहिल्या दोन कसोट्यांवर समाधानकारक उत्तर दिले आहे. तिसरी कसोटी मात्र केवळ नागपूरच्या मैदानावर पूर्ण होणारी नाही. पाहुण्या खेळाडूकडून मिळालेली शिस्त व अनुभव खामगाव, मलकापूर, मेहकर यांसारख्या गावांतील खेळाडूंपर्यंत पोहोचला, तरच त्याला दिलेल्या जागेची खऱ्या अर्थाने भरपाई झाली असे म्हणता येईल. या कामी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी पुढाकार घेणे आवश्यक आहे.